खाडी ओलांडा, मग पॅडल मारा: मुंबईजवळच्या शांत रस्त्यांवर पहिल्यांदा सायकल नेणाऱ्यांसाठी

मुंबईत नवी सायकल घेतली की पहिल्या रविवारी बहुतेकजण एकच गोष्ट करतात. घरातून निघतात आणि हायवे धरून शहराबाहेर पडायला बघतात. दहिसर किंवा मुलुंड चेकनाका येईपर्यंत तासभर गेलेला असतो, डंपर अंगावरून गेलेले असतात, नाकातोंडात धूळ बसलेली असते. चार-पाच रविवार असे झाले की सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात.

यात दोष सायकलीचा नाही. मुंबईतून बाहेर पडायचे रस्ते मोजकेच आहेत आणि सगळी वाहनं त्यांच्यावरूनच जातात. त्यातही सी लिंक, अटल सेतू आणि मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर सायकलला परवानगीच नाही. शांत रस्ते आहेत, भरपूर आहेत, पण ते खाडीपलीकडे किंवा लोकलच्या शेवटच्या स्टेशनांच्या आसपास आहेत. तिथपर्यंत सायकल चालवत जायचं नसतं, बोटीत नाहीतर लोकलमध्ये घालून न्यायचं असतं. एवढं एक पटलं की बाकीचं सोपं आहे.

घरबसल्या रस्ता ओळखा

आदल्या आठवड्यात नकाशा उघडा आणि सॅटेलाइटचं दृश्य लावा. शांत रस्त्याच्या शेजारून बहुधा एक मोठा रस्ता गेलेला असतो. घाईतली माणसं मोठ्या रस्त्याने जातात आणि जुना गावरस्ता गावकऱ्यांना, एसटीला आणि आपल्याला उरतो. दुसरा हुकमी प्रकार म्हणजे पुढे कुठेच न जाणारा रस्ता: धरणाशी, बंदरावर किंवा डोंगराच्या पायथ्याशी संपणारा. कर्जतजवळ कशेळ्याहून खांडसला जाणारा रस्ता बघा. तो भीमाशंकरच्या डोंगराला जाऊन टेकतो. पुढे शिडी घाट आणि गणेश घाटाच्या पायवाटा. गाडीने पार जाणारं कोणी नाही, म्हणून वर्दळही नाही.

आता कुठे जायचं नाही, तेही त्याच नकाशावर दिसतं. डोंगराच्या पोटात पांढुरके खड्डे दिसले तर ती दगडखाण, म्हणजे खडीचे डंपर आले. लांबच लांब पत्र्याची छपरं एका रांगेत दिसली तर गोदामं, म्हणजे कंटेनर. भिवंडीच्या आसपास हे हटकून दिसतं. आणि हिरव्या झाडीत निळे चौकोनी ठिपके दिसले तर ते फार्महाऊसचे स्विमिंग पूल. त्या रस्त्यावर शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी मोठ्या गाड्या येणार, रविवारी दुपारी त्याच परत फिरणार. कर्जत आणि अलिबाग या दोन्ही तालुक्यांत असे ठिपके दरवर्षी वाढताहेत. म्हणून तो भाग टाकून देऊ नका, फक्त वेळ संभाळा.

कारण शांतता जितकी रस्त्यावर असते तितकीच घड्याळात असते. रविवारी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत जो रस्ता आपल्या बापाचा असतो, त्याच रस्त्यावर अकरा वाजता हॉर्न ऐकत जावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईकडे सातच्या सुमाराला उजाडतं, जूनमध्ये सहाला. त्या हिशेबाने पहिली बोट किंवा पहाटेची लोकल पकडा. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात गोराई आणि अलिबाग दोन्ही विसरा.

सायकल आणि पिशवी

महागडी रोडबाइक लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) पुरे, टायर जरा रुंद असले तर बरं, कारण गावांतून पेव्हर ब्लॉक असतात आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारायची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. हेल्मेट, पुढेमागे दिवा, डाव्या-उजव्या वळणाला दाखवता येणारा हात आणि जमलं तर हँडलला छोटा आरसा. आरशाची काही मंडळी चेष्टा करतात, करू द्यात.

पंक्चरचं मात्र नीट शिकून घ्या, आणि तेही घरी, फरशीवर बसून. पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप हवा. गावात पंक्चरवाला असतो, मनापासून मदतही करतो, पण त्याचा पंप आणि कॉम्प्रेसर आपल्याकडच्या साध्या सायकलींचा आणि मोटरसायकलींचा. तुमच्या सायकलीला बारीक, टोकाला फिरकी असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाला हवा भरायला जातो आणि नळी बसतच नाही. मग आजूबाजूला चारजण जमतात, कोणीतरी व्हॉल्व्ह पिरगाळतो, आणि राहिलेली हवाही जाते. पितळेचा एक नखाएवढा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर फिरवून ठेवला की मोटरसायकलची नळी चपखल बसते. किंमत किरकोळ. तो आजच घेऊन ठेवा. हवा भरताना मात्र कॉम्प्रेसर थोडा थोडा सोडायला सांगा, नाहीतर ट्यूब फुटते.

चढउतारांची सवय शहरातच करता येते. पहाटेची आरे कॉलनी त्यासाठी चांगली. तिला शांत म्हणता येणार नाही, पण गोरेगावकडून पवईकडे जाताना छोटे चढ आणि उतार लागतात. तिथे एवढंच घोटा: चढ लागायच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर अडकल्यावर नाही. पाय भराभर फिरले पाहिजेत, गुडघ्यावर जोर येता कामा नये. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ताही उत्तम, शेवटी चांगला दम काढतो. सोमवारी उद्यान बंद असतं. नवी मुंबईचा पाम बीच रोड मला नवख्यांसाठी पटत नाही. सपाट आणि गुळगुळीत आहे खरा, पण म्हणूनच गाड्या तिथे बेफाम सुटतात.

लोकलमध्ये सायकल

सायकल मालडब्यातून न्यायची. स्वतःच्या तिकिटाशिवाय सायकलचं लगेजचं तिकीट लागतं, ते खिडकीवर काढा. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका. रविवारची पहाट सगळ्यात चांगली, आणि शहराबाहेर जाणारी गाडी तेव्हा रिकामीच असते. मालडबा फलाटावर कुठे येतो ते चहाच्या स्टॉलवाल्याला विचारा. शेजारचा अपंगांचा डबा वेगळा असतो, घाईत त्यात चढू नका.

डब्यात दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या असतात. ही माणसं रोजची गिऱ्हाईकं, आपण रविवारचे पाहुणे. दारातून बाजूला व्हायचं, पुढचं चाक काढता येत असेल तर काढायचं आणि सायकल खांबाला इलॅस्टिकच्या दोरीने बांधायची. एखादी मावशी टोपली ठेवायला सायकल सरकवायला सांगेल, तर हसून सरकवा. पुढच्या रविवारी तीच जागा धरून ठेवते.

पहिला रस्ता: गोराई, उत्तन आणि पलीकडे वसई

सुरुवात इथूनच करा, कारण यात दोन बोटी आहेत आणि दोन्ही मजेच्या आहेत.

बोरिवली पश्चिमेहून गोराई जेटीला या. समोरच गोराईची बोट लागते आणि सायकल सहज घेतात. ओहोटी असेल तर जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. क्लीट लावलेले (पॅडलमध्ये अडकणारे) बूट घातले असतील तर इथेच आपटायची वेळ येते, साधे रबरी तळाचे बूट बरे. आधी सायकल वर द्या, बोटीवरचा माणूस ती घेतो, मग तुम्ही चढा.

पलीकडे उतरलं की विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी कळस डावी-उजवीकडून दिसत राहतो आणि रस्ता गोराई गावातून उत्तनकडे निघतो. एका बाजूला तिवरं, दुसरीकडे टेकडी, मध्ये छोटे चढ. वाटेत क्रूस, कौलारू घरं, आणि उत्तन जवळ आलं की वास. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर इथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जोडीजोडीने एकमेकांच्या जबड्यात अडकवून. पहिल्यांदा जाणारा नाक दाबतो. कोळीणबाईंनी ताजं काही विकायला काढलं असलं आणि पिशवीत जागा असली, तर पुढच्या वेळी वासाची तक्रार राहत नाही.

उत्तनहून चौक या गावाला वर चढून जाता येतं. इथे धारावीचा किल्ला होता. नाव तेच असलं तरी मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी वसई पडायच्या आधी ही बाजू ताब्यात घेतली होती. टेकडीवर उभं राहिलं की कारण समजतं, कारण वसईच्या खाडीचं तोंड समोरच दिसतं. तिथून खाली येऊन मोर्वा, मुर्धा, राई या गावांमधून भाईंदर पश्चिमेला या. या टप्प्यात एक सूचना. उत्तनच्या धावगी डोंगरावर कचरा प्रकल्प आहे, त्यामुळे कचऱ्याच्या गाड्या या रस्त्यावर असतात. त्या मागून आल्या की सरळ थांबा आणि जाऊ द्या.

भाईंदरला बोटीचा दुसरा टप्पा. २०२४च्या फेब्रुवारीत भाईंदर–वसई रो-रो, म्हणजे वाहनं घेऊन जाणारी बोट, सुरू झाली. रस्त्याने हेच अंतर हायवेला वळसा घालून जवळजवळ चाळीस किलोमीटर पडतं, बोटीने ते काही मिनिटांचं झालं. सायकलवाल्यांच्या आयुष्यात गेल्या काही वर्षांत यापेक्षा चांगलं काही घडलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. वेळा भरती-ओहोटीप्रमाणे पुढेमागे होतात, म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवा. पलीकडे वसईच्या किल्ल्यालाच उतरता. किल्ल्याच्या आतून रस्ता जातो, दोन्ही बाजूला पोर्तुगीज चर्चच्या भिंती, वडाच्या मुळ्या, आणि सकाळी प्री-वेडिंगची फोटोग्राफी. नवरीच्या झग्यावर चाक जाणार नाही एवढं बघा.

एवढ्यात दमलात तर वसई रोड स्टेशन गाठून परत फिरा. पहिल्या वेळी एवढं पुष्कळ झालं.

दुसरा: वसईच्या वाड्या

पुढच्या रविवारी लोकलने थेट वसई, आणि तिथून उत्तरेला विरारपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटर. स्टेशनकडून आधी पश्चिमेला गावात उतरा: गिरीज, भुईगाव, निर्मळ, मग कळंब, राजोडी आणि शेवटी अर्नाळा. मुख्य रस्ता टाळून आतल्या गल्ल्या धरा. केळीच्या बागा, चाफा, पानमळे, विहिरी, आणि प्रत्येक वळणावर एक छोटं चॅपल किंवा देऊळ. रस्ता इतका अरुंद की समोरून टेम्पो आला तर एकाने कुंपणाला चिकटायचं. वळणावर घंटी वाजवा. वाडीतून कोण बाहेर येईल सांगता येत नाही, कधी आजोबा, कधी बकरी.

चुकायला होतंच. चुकलात तर नकाशापेक्षा माणसाला विचारा, पण “शॉर्टकट कुठला?” असं विचारू नका, तुम्हाला हायवेला नेऊन सोडतील. “अर्नाळ्याला आतून कसं जायचं?” असं विचारा. ‘आतून’ म्हटलं की बरोबर रस्ता मिळतो.

आगाशीला सुकेळी मिळतात. राजेळी केळी वाळवून केलेली ही सुकेळी सायकलवाल्याला एनर्जी बारच्या वर आहेत, खिशात चिरडत नाहीत आणि उन्हात वितळत नाहीत. तिथून विरार स्टेशन जवळ आहे, पण विरारच्या वेशीवर शांतता संपते. शेवटचे चार-पाच किलोमीटर डोकं शांत ठेवून काढायचे.

तिसरा: मांडव्याहून अलिबाग

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२०पासून चालू आहे. तासाभरात पलीकडे. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात आणि सायकलसाठी त्या तशाही सोयीच्या नाहीत.

इथे एक गोष्ट नक्की करा. बोट लागली की शेकडो गाड्या असल्यासारखी घाई सुरू होते, सगळ्यांनाच पहिलं बाहेर पडायचं असतं. तुम्ही जेटीवर चहा घ्या. वीस मिनिटांनी तोच रस्ता मोकळा होतो आणि पुढची बोट लागेपर्यंत मोकळा राहतो.

सरळ अलिबागचा रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा, पण तो घेऊ नका. समुद्राच्या बाजूने सासवणे, आवास, किहीम असं आतून जा. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर-संग्रहालय आहे. सायकल झाडाखाली लावा आणि अर्धा तास आत जा, अंगणातली म्हैस बघून खरी समजाल. किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. पावसाळ्यात इथल्या माडांना लोंबणारी घरटी बघताना चाक खड्ड्यात जातं, म्हणून थांबून बघा. रस्ता हलका वरखाली होतो, मोठा चढ नाही. चढच हवा असेल तर मापगावच्या कनकेश्वराच्या पायऱ्या आहेत, पण तिथे सायकल खाली राहणार.

अलिबागला १९०४ साली सुरू झालेली चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेला मुंबईतल्या विजेच्या ट्रामचा अडथळा होणार म्हणून ती इकडे आणली. म्हणजे मुंबईच्या गोंगाटाला कंटाळून खाडीपलीकडे जायची प्रथा तशी जुनी आहे.

दम असेल तर अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. नारळी-पोफळीतून जाणारा हा पट्टा सकाळी फार सुंदर आहे. रविवारी दुपारी मात्र नागावच्या चौकात वॉटर स्पोर्ट्सवाल्या पर्यटकांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी लागतात आणि मध्ये सायकलपुरतीही जागा राहत नाही.

थोडं लांब: कर्जत, सफाळे

कर्जत लोकलने उतरून कशेळे आणि पुढे खांडस हा एका बाजूने तीसेक किलोमीटरचा रस्ता. कशेळ्यापर्यंत मुरबाडकडे जाणारा मोठा रस्ता आहे, तो सकाळी लवकर संपवा. कशेळ्याला उजवीकडे वळलात की खरा प्रवास सुरू. भाताची खाचरं, ठाकूर आणि कातकरी वाड्या, आणि समोर सह्याद्रीची भिंत जवळ जवळ येत राहते. रस्ता सतत लहान लाटांसारखा वरखाली होतो. एक उतार संपेपर्यंत पुढचा चढ लागलेला असतो, त्यामुळे उताराचा वेग वाया घालवू नका, ब्रेक सोडून पुढच्या चढावर तो वापरा. अर्थात समोर रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच. भात कापणीच्या दिवसांत रस्त्यावरच भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल नेऊ नका. ते कोणाचं तरी वर्षभराचं अन्न आहे, आणि चाकही त्यावर घसरतं.

पश्चिम रेल्वेवर २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे सफाळे गाठणं सोपं झालं. सफाळ्याहून एडवण, दांडा, केळवे, माहीम आणि पालघर असा चाळीसेक किलोमीटरचा वळसा होतो. केळवे-माहीमचे पानमळे आणि शीतलादेवीचं देऊळ वाटेत. डहाणूच्या गाड्या कमी असतात, वेळापत्रक फोनमध्ये ठेवा. परतीची गाडी चुकली तर पालघरच्या फलाटावर बराच वेळ काढावा लागतो.

पाऊस, ऊन, कुत्री

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत घराकडे तोंड हवं. मुंबईकडचं ऊन चटका देण्यापेक्षा दमटपणाने मारतं: घाम वाळत नाही, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट प्या, एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी. वाटेत ताडगोळे दिसले तर थांबा. डोकं दुखायला लागलं किंवा अंगावर काटा आला तर सावलीत बसा. त्या दिवशी पुढे जायचं नाही.

पावसाळ्यात हे सगळे रस्ते सुरेख दिसतात आणि सगळेच धोक्याचे होतात. सावलीतल्या वळणांवर हिरवट थर साचतो, तिथे वळताना ब्रेक लावायचा नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा. पाण्याने भरलेला खड्डा घोट्याएवढा आहे की गुडघ्याएवढा हे वरून कळत नाही, म्हणून वळसा घ्या. फरशीच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गावातले लोक ओलांडत असले तरी तुम्ही ओलांडू नका. धबधब्यांच्या आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, ते आधी बघा.

गावातली कुत्री चालत्या चाकाच्या मागे लागतात. सायकल पळवलीत तर ती जास्त चेकाळतात. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. दहा पावलांत त्यांचा रस संपतो. वाडीतून जाताना गाणी मोठ्याने लावू नका, विहिरीवर बाया असतील तर फोटो काढू नका, पाणी हवं असेल तर कोणत्याही दारात मागा.

परतीला एक वाजायच्या आत लोकल पकडायची. विरार आणि कर्जत या दोन्ही दिशांनी रविवारी दुपारनंतर मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरून येतात, आणि मालडब्यातही तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सायकलचं परतीचं लगेज तिकीट सकाळीच मिळत असेल तर काढून ठेवा. दुपारी खिडकीवर रांग असते आणि सायकल धरून रांगेत उभं राहणं हा त्या दिवसाचा सगळ्यात कठीण चढ ठरतो.